मामंजी, फोन ठेवला तरी चालतो

"ताई, मी शहापुरात राहते. घरात मी, नववीतली मुलगी आणि माझे सासरे. मिस्टर पुण्याला नोकरीला आहेत, पंधरा दिवसांनी येतात. मी एका सोसायटीत क्लार्क आहे. सकाळी साडेनऊला बाहेर पडते ती संध्याकाळी सहाला घरी येते. मामंजी ७६ वर्षांचे, मराठी शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. सासूबाई दोन वर्षांमागं गेल्या. घरात जुनी लँडलाईन आहे, शिवाय मामंजींचा मोबाईल. दोन्हीवर दिवसभर फोन. लोन पाहिजे का, क्रेडिट कार्ड घ्या, प्लॉट बघायला या, कान तपासून घ्या. मामंजी प्रत्येक फोन उचलतात, सगळं ऐकून घेतात आणि 'नंतर करा' म्हणून सांगतात. गेल्या महिन्यात जुन्या पॉलिसीचा बोनस आलाय म्हणून एकानं फोन केला. मराठीतच बोलत होता. मामंजींनी त्याला जन्मतारीख आणि आधारचे शेवटचे चार आकडे सांगितले. मला कळलं तसा मी आवाज चढवला. दोन दिवस ते माझ्यासमोर जेवायला बसले नाहीत. फोन काढून घेऊ का? लँडलाईन बंद करू का? सुनेनं सासऱ्यांना कसं शिकवायचं?"

— एक सून, शहापूर, बेळगाव

वहिनी,

आधी तातडीचं बोलू. जन्मतारीख आणि आधारचे चार आकडे बाहेर गेले एवढ्यावरून कुणाला खात्यातले पैसे काढता येत नाहीत. त्याला ओटीपी, पिन किंवा बोटाचा ठसा लागतो. त्यामुळं रात्रीची झोप घालवून घेऊ नका. पण त्या माणसाच्या हातात आता मामंजींची थोडी माहिती आहे. पुढच्या खेपेला तोच, नाहीतर त्याचा जोडीदार फोन करून म्हणेल, "सर, तुमची जन्मतारीख अमुक ना? आधारच्या शेवटी हेच आकडे ना?" आणि मामंजींना वाटेल, एवढं सगळं याला ठाऊक आहे म्हणजे हा खरंच ऑफिसातला असणार. खरा धोका त्या दुसऱ्या फोनचा आहे. तो यायच्या आधी मामंजींना एवढंच सांगून ठेवा की तुमची माहिती आता त्याच्याकडं आहे, ती तो तुम्हालाच वाचून दाखवेल.

या आठवड्यात तीन कामं करा. एक, पासबुक भरून आणा आणि पेन्शनच्या खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बरोबर आहे का ते शाखेत बघा. दुसरं, आधारच्या सरकारी ॲपवरून मामंजींच्या आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला अंगठा लावून करत असाल तर त्या दिवसापुरतं उघडायचं आणि परत लॉक करायचं. तिसरं, संचार साथी या सरकारी पोर्टलवर त्यांचा मोबाईल नंबर घालून त्यांच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा. एखादं आपलं नसेल तर तिथंच 'हा नंबर माझा नाही' म्हणून कळवता येतं.

बोनसचं म्हणाल तर विमा क्षेत्रावर देखरेख ठेवणारी इर्डाई ही संस्था कुणाला फोन करून बोनस जाहीर करत नाही आणि पॉलिसीही विकत नाही. असा फोन आला की तो खोटा. मात्र बोलण्याच्या भरात मामंजींनी एखाद्या खऱ्या कंपनीच्या नव्या पॉलिसीला होकार दिला असेल आणि घरी कागद आले, तर ते कपाटात ठेवून देऊ नका. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. किरकोळ खर्च कापून हप्ता मिळतो. कंपनीनं टाळाटाळ केली तर इर्डाईच्या तक्रार केंद्राचा नंबर १५५२५५ आहे.

आता तुम्ही आवाज चढवलात त्याबद्दल. मी तुम्हाला दोष देणार नाही, कारण हेच मी माझ्या आईशी केलंय.

आई वडगावात राहायची, एकटी. तिच्या खात्यातून दर महिन्याला कसलीशी रक्कम जात होती. सात महिन्यांनी माझ्या लक्षात आलं. हिंदीत बोलणाऱ्या कुणा मुलीनं फोन केला होता आणि आईनं "हां हां" म्हणत शेवटी ओटीपीही वाचून दाखवला होता. आईला हिंदी समजायची ती टीव्हीवरच्या मालिकांपुरती. मी तिला काय काय बोलले ते आता आठवलं तरी पोटात कालवतं. तिनं ऐकून घेतलं. त्यानंतर असे फोन आले की तिनं मला सांगायचंच बंद केलं. फोन येत होते, ती उचलत होती, फक्त मला कळत नव्हतं. पुढचा वाईट प्रसंग मला तिच्याकडून नाही, बँकेकडून कळला.

म्हणून वहिनी, बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण मामंजींचं तुमच्याशी बोलणं बंद पडू देऊ नका. त्यांनी तुम्हाला जन्मतारखेची गोष्ट सांगितली. त्यांनी सांगितली म्हणूनच तुम्हाला कळली. आज संध्याकाळी चहा देताना म्हणा, "मामंजी, त्या दिवशी माझा आवाज चढला, चुकलं माझं. तुम्ही मला सांगितलं ते बरं केलं." एवढ्यानं तुमचा मान कमी होत नाही. पुढं जे काही करायचं आहे ते या एका वाक्यानंतरच जमणार आहे.

मामंजी प्रत्येक फोन का उचलतात, याचा विचार केलात का? त्यांच्या पिढीनं घरात फोन यावा म्हणून वर्षानुवर्षं नंबर लावून वाट बघितली आहे. सगळ्या गल्लीत मिळून एक फोन असायचा. शेजारचं पोरगं धावत यायचं, "मास्तर, तुमचा फोन आलाय मुंबईहून!" आणि माणूस हातातला घास ठेवून पळायचा. ट्रंक कॉल म्हणजे कुणाचं तरी लग्न ठरलेलं, नाहीतर कुणीतरी गेलेलं. त्या काळी घंटा वाजली म्हणजे पलीकडं आपलंच कुणीतरी असणार, हे ठरलेलं होतं. चाळीस वर्षांची सवय तुम्ही "उचलू नका" म्हणून सांगून सुटणार नाही.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. फोनवरची पोरं त्यांना "सर" म्हणतात. ज्या माणसाला आयुष्यभर शाळेच्या व्हरांड्यातनं दिवसाला शंभर वेळा "सर, सर" ऐकायची सवय होती, त्याच्या कानावर आता सकाळी दहा ते संध्याकाळी सहा घड्याळाचा आवाज आहे. सासूबाई गेल्या, मुलगा पुण्याला, तुम्ही कामावर, नात शाळेत. दुपारी अडीचला कुणीतरी आदरानं विचारतं, "सर, दोन मिनिटं बोलू का?" मामंजी हो म्हणतात, कारण त्यांना बोलायचं असतं. त्यात प्लॉटचा काही संबंध नाही. हे मी तुमच्यावर ठपका म्हणून लिहीत नाही. नोकरी करून, मुलीचं बघून तुम्ही घर ओढताय ते दिसतंय. पण मिस्टरांना सांगा की रोज दुपारी अडीचला, चहाच्या सुट्टीत, पाच मिनिटं वडिलांना फोन करायचा. रविवारी तासभर नको, रोज पाच मिनिटं. ती वेळ भरली की परक्या आवाजासाठी जागा कमी उरते.

आता शिष्टाचाराचं बघू. आपल्याकडं दारी आलेल्या माणसाला पाणी न देता पाठवत नाहीत. मामंजी तोच नियम फोनला लावतात. एखाद्याचं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवणं म्हणजे कुणाच्या तोंडावर दार आपटणं, असं त्यांना वाटत असणार. त्यांना समजावताना "तुम्हाला कळत नाही" या वाटेनं जाऊ नका. असं म्हणा: दारात आलेला माणूस पायपीट करून आलेला असतो, आपल्याला बघून बोलतो, नको म्हटलं की पायऱ्या उतरून जातो. फोनवरच्याला आपण कोण हे ठाऊक नसतं. त्याच्यापुढं नंबरांची यादी असते, बहुतेक वेळा नंबरही मशीनच लावते, आणि आपण ठेवला की पुढच्या सेकंदाला तो दुसऱ्याशी बोलत असतो. मामंजींनी फोन ठेवला तर त्या पोराचा अपमान होत नाही, उलट त्याचा वेळ वाचतो. मास्तरांना हे पटेल. दुसऱ्याचा वेळ वाया घालवू नये हे त्यांनीच पोरांना शिकवलेलं असणार.

"नंतर करा" मात्र बंद. आपण मराठी माणसं भिडेपोटी नकार देतच नाही. "बघू", "मुलाला विचारून सांगतो", "सध्या नको, दिवाळीनंतर बघू की". आपल्याला वाटतं, समोरचा समजून घेईल. तो समजून घेत नाही, तो लिहून घेतो: गिऱ्हाईक तयार आहे, अमुक दिवशी परत लावा. तुमच्याकडं फोन थांबत नाहीत त्यातले निम्मे तरी याच उत्तरामुळं येत असणार. नकार एकदाच द्यायचा, सरळ, आणि फोन ठेवायचा. आपल्या भागात फोन तीन भाषांतून येतात, तेव्हा तिन्ही वाक्यं पाठ असू द्या. मराठीत, "नको, परत फोन करू नका." हिंदीत, "नहीं चाहिए, दोबारा फोन मत कीजिए." कन्नडमध्ये, "ब्याड री, मत्त फोन माडब्याड री." मामंजींना कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येत असेल. शिव्या कुणाला घालायच्या नाहीत. फोन करणारी ती पोरंही हुबळी-पुण्याकडं भाड्याच्या खोलीत राहून पोट भरणारीच असतात. आणि "फोन नको असतील तर नऊ दाबा" असं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकू आलं तर काहीही दाबायचं नाही. दाबलं की त्यांना एवढंच कळतं की या नंबरावर जिवंत माणूस आहे.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, त्याकडं येते. "मराठीतच बोलत होता."

बेळगावच्या, खानापूरच्या, निपाणीच्या माणसालाच या वाक्याचं वजन कळेल. १९५६ मध्ये आपला भाग कन्नड राज्यात गेला, तेव्हापासून आपण सरकारी कागद दुसऱ्याकडून वाचून घेतोय. वीजबिल कन्नडमध्ये, सात-बाराच्या जागी आलेला उतारा कन्नडमध्ये, बसवरची पाटी कन्नडमध्ये. बँकेत गेलं तर काउंटरवरचा माणूस हिंदी नाहीतर इंग्रजीत बोलतो. अशात एखादा फोनवर "नमस्कार सर, कसे आहात?" म्हणाला की आपण आतनं सैल होतो. हा आपला. याला आपलं दुखणं कळणार. मग तो विचारेल ते आपण सांगतो, आणि ज्या गोष्टी हिंदीत विचारल्या असत्या तर संशय आला असता, त्या मराठीत विचारल्या की घरातल्याच वाटतात.

हे फसवणाऱ्यांना नेमकं ठाऊक आहे. नंबरावरनं, नावावरनं, आडनावावरनं कुणाशी कुठल्या भाषेत बोलायचं ते ठरतं. मराठी येणारा माणूस शोधून त्याला आपल्या नंबरांची यादी देणं काही अवघड नाही. मामंजींनी जन्मतारीख दिली ती म्हातारपणामुळं नव्हे. त्या आवाजात त्यांना शाळेतला एखादा विद्यार्थी ऐकू आला असेल. मलाही आला असता. म्हणून हे त्यांना वेगळं सांगावं लागेल, आणि जपून सांगावं लागेल, कारण मराठी माणसावर विश्वास ठेवू नका असं आपल्याला सांगायचंच नाही. सांगायचं ते एवढंच: भाषेवरून माणूस आपला ठरवायचा तो समोर बसल्यावर. फोनवर तो काय मागतोय त्यावरून ठरवायचा. ओटीपी, आधार, जन्मतारीख, बँक, पैसे यांपैकी एक जरी शब्द आला, तर मग तो आपल्या वाड्यातल्या बोलीत बोलत असला तरी फोन ठेवायचा.

आता सरकारी उपायाचं बघू. नंबर आहे १९०९. नको असलेले जाहिरातीचे फोन आणि मेसेज बंद करायची ही सोय २००७ पासून वेगवेगळ्या रूपात आहे, २०१८ मध्ये तिचे नियम नव्यानं आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते आणखी कडक झाले. मामंजींच्या मोबाईलवरून १९०९ ला इंग्रजी अक्षरांत स्टार्ट, मग जागा सोडून शून्य, असा मेसेज पाठवा. उलट मेसेज येईल. लँडलाईनवरून मेसेज जात नाही, तर तिथून १९०९ लावून सांगतील तसं करायचं. पैसे पडत नाहीत. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामकाचं डीएनडी नावाचं ॲपही आहे, तुमच्या मुलीला ते दोन मिनिटांत जमेल.

बँक, जागा, शिक्षण, आरोग्य अशा विषयांतले काही चालू ठेवून बाकीचे बंद करता येतात. पण तुम्ही सगळंच बंद करा. पुष्कळ जण घाबरतात की मग पेन्शन जमा झाल्याचा मेसेज थांबेल. नाही थांबत. ओटीपी, खात्यावरची जमा-नावे, गॅसचं बुकिंग हे सेवेचे मेसेज असतात, ते येतच राहतात.

दुसऱ्या दिवशी फोन पूर्ण बंद झाले नाहीत म्हणून मात्र निराश होऊ नका. नोंदणी मानून फोन थांबवतात ते नियमानं चालणारे. काही ठिकाणी आपणच कधीतरी संमती दिलेली असते, ॲप उतरवताना न वाचता केलेली खूण असते. आणि पुष्कळ फोन साध्या दहा आकडी मोबाईल नंबरावरून येतात. ते करणारे कुठल्याच यादीत नाहीत. त्यांच्यासाठी तक्रार आहे. फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत, कुठल्या नंबरावरून आला, कुठल्या तारखेला, काय म्हणाला, एवढं १९०९ ला किंवा डीएनडी ॲपमध्ये कळवायचं. आधी ही मुदत तीनच दिवसांची होती. आता तर १९०९ ला आधी नोंदणी केलेली नसली तरी तक्रार चालते. दहा दिवसांत एका नंबराविरुद्ध पाच तक्रारी झाल्या की कंपनीला हालचाल करावी लागते, आणि तीही तक्रार आल्यापासून पाच दिवसांत. पहिल्या वेळी त्या माणसाचे बाहेर जाणारे कॉल १५ दिवस बंद, परत केलं तर त्याची सगळी कनेक्शनं एक वर्ष तोडायची, अशी तरतूद आहे. म्हणजे आपली एक तक्रार वाया जात नाही, ती पाचातली एक असते. बाकीच्या चार कदाचित टिळकवाडीतून नाहीतर निपाणीतून कुणीतरी केलेल्या असतील.

नंबर ओळखायची एक खूण आहे. १४० ने सुरू होणारा नंबर म्हणजे विक्रीचा फोन, तो उचलायची गरजच नाही. १६०० ने सुरू होणारे नंबर बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या कामाच्या फोनसाठी ठेवलेत. हे दोन आकडे एका पुठ्ठ्यावर मार्करनं मोठे, मराठी आकड्यांत लिहा आणि फोनशेजारी टांगा. फक्त १६०० दिसलं म्हणून ओटीपी सांगायचा असं मात्र नाही. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, मिस्टरांनी पुण्याहून मागितला तरी आधी त्यांना परत फोन लावून खात्री करायची.

फोनमध्ये अनोळखी नंबरांची घंटाच वाजू नये अशी सोय असते. तुमच्या घरी ती लावू नका. गॅसवाला, कुरिअरवाला, दवाखान्यातून तपासणीची वेळ सांगणारे, सगळे अनोळखीच असतात, आणि मुलीच्या शाळेतून घाईचा फोन आला तर तोही कुठल्या नंबरावरून येईल सांगता येत नाही. व्हॉट्सॲपला मात्र ती जरूर लावा. १९०९ चा नियम व्हॉट्सॲपच्या कॉलला लागत नाही आणि भीती घालणारे बहुतेक व्हिडिओ कॉल तिथूनच येतात.

त्या भीतीच्या फोनबद्दल थोडंच लिहिते, पण मामंजींना हे नीट वाचून दाखवा. "सीबीआयमधून बोलतोय, तुमच्या नावाच्या पार्सलात ड्रग्ज सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही." डिजिटल अरेस्ट म्हणून जे काही म्हणतात ते भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. ट्राय कुणाचा नंबर बंद करण्यासाठी फोन करत नाही. हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं, बिल थकलं म्हणून आज रात्री लाईन कापतो, लगेच या नंबराला पैसे पाठवा, हेही खोटं. ट्रेझरीतून बोलतोय, हयातीचा दाखला फोनवरच करून देतो, ओटीपी सांगा, हे तर पेन्शनवाल्यांसाठीच रचलेलं आहे. "घरात सांगू नका" हे शब्द कानावर आले की तिथंच फोन ठेवायचा आणि तुम्हाला ऑफिसात लावायचा. तुम्ही कामात असलात तरी उचलणार, असा शब्द त्यांना द्या आणि पाळा. असे पैसे न गेलेले फोन संचार साथीवरच्या चक्षू या सोयीत कळवता येतात. पैसे गेले असतील तर मात्र एक मिनिट न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. जितक्या लवकर फोन जाईल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मग बेळगावच्या सीईएन म्हणजे सायबर पोलीस ठाण्यात जायचं. तिथं कन्नडमध्ये लिहून आणा म्हणून सांगितलं आणि लिहून देणारं कुणी नसेल, तर मराठीत अर्ज करा. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं कुठल्याही अधिकाऱ्याकडं आपलं गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क आपल्याला दिलाय. घाईच्या वेळी भाषेवरून परत फिरू नका.

सुनेनं सासऱ्यांना कसं शिकवायचं, हा तुमचा खरा प्रश्न. माझं मत सांगते: शिकवायचंच नाही. हेडमास्तरांना काम द्यायचं.

खडेबाजारातून एक लांबडी वही आणा, रेघांची, शाळेत हजेरीपटाला असते तशी. फोनशेजारी ठेवा, पेन दोऱ्यानं बांधून. नको असलेला फोन आला की मामंजींनी त्यात लिहायचं: तारीख, वेळ, नंबर, भाषा, काय विकत होता, आणि आपण काय म्हणालो. लँडलाईनवर नंबर दिसत नसेल तर नंबर दाखवणारं यंत्र घ्या आणि टेलिफोन ऑफिसातून ती सोय चालू करून घ्या. संध्याकाळी तुम्ही आल्यावर दोघांनी वही उघडायची. ते वाचणार, तुम्ही किंवा तुमची मुलगी १९०९ ला तक्रार करणार, तक्रारीचा क्रमांक आला की तो समोरच्या रकान्यात लिहायचा. तक्रारीला नंबर आणि तारीख लागते, ती वहीत तयारच असेल. आणि वही लिहायची असली की माणूस बोलणं लांबवत नाही. हातात पेन असलं की मास्तर मास्तर होतात, समोरचा "सर" म्हणाला तरी त्याला उत्तर द्यायचं की त्याची नोंद करायची, हे त्यांच्या हातात येतं. एखाद्या नोंदीत चूक झाली, जास्त बोलले, काही सांगून बसले, तर तेही त्यांनी लिहावं आणि तुम्ही ते वाचून फक्त "बरं झालं लिहिलंत" म्हणावं. त्या रकान्यावरून घरात बोलणी होणार नाहीत, हे आधीच ठरवून टाका.

नंबर बाहेर जातो कसा, तेही घरात बघा. मैदानावर प्रदर्शन लागलं की लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर, कपड्याच्या दुकानात बिल करताना, फुकट शुगर तपासणीच्या टेबलावर, आपण विचारलं की नंबर सांगतो. दुकानदाराला "नंबर नको, बिल कागदावर द्या" म्हणायला हरकत नाही. आणि कुणा ओळखीच्यानं कर्ज काढताना मामंजींचा नंबर दिला असेल आणि त्याच्या वसुलीचे फोन तुमच्याकडं येत असतील, तर तेही वहीत येऊ द्या. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तुम्ही कर्जदार नाही हे त्या बँकेला लेखी कळवा. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा नंबर १४४४८.

राहिली लँडलाईन. मिस्टर म्हणतील, वापर काय तिचा, काढून टाक. मामंजींना विचारल्याशिवाय काढू नका. शून्य आठ तीन एकनं सुरू होणारा तो नंबर चंदगडच्या, खानापूरच्या पाहुण्यांच्या वह्यांत पेनानं लिहिलेला आहे. सासूबाईंच्या माहेरी कदाचित तोच एक नंबर पाठ असेल. आणि त्यांचे जुने विद्यार्थी, ज्यांनी दहावीच्या निकालादिवशी त्या नंबरावर फोन केले असतील, ते शिक्षकदिनाला अजूनही तिथंच लावतात की नाही, हे एकदा मामंजींनाच विचारून बघा.